गेटाबाहेरची पंगत

हातातलं काम ठेवून देऊ नका. भाकर तव्यावर असेल तर ती उलटवा, आणि कान फक्त इकडे द्या. आज आम्ही बोलणार आहोत घराबाहेर जेवण्याबद्दल. विषय हलका वाटेल, पण आमच्या गटात याच विषयावरून दोन मंगळवारच्या बैठका गेल्या, आणि तिसऱ्या बैठकीत डोळ्यांना पाणीही आलं. म्हणून म्हटलं, हे रेडिओवर सांगावं.

सुरुवात झाली सहलीपासून. आमच्या हिवरखेडच्या गटाची सहल शेगावला निघाली. आधी गजानन महाराजांचं दर्शन, मग आनंद सागर पाहायचं. आनंद सागर म्हणजे संस्थानानं उभारलेलं मोठं उद्यान. तळं, तळ्यातल्या बेटावर ध्यानमंदिर, झाडी. पाणीटंचाईच्या गावात एवढी हिरवळ बघूनच बायांचा अर्धा शीण उतरतो. फिरून बाहेर आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि सगळ्यांना कडकडून भूक लागलेली. गेटाबाहेर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाण्याची दुकानं. मग प्रश्न आला, जेवायचं कुठे?

एक म्हणाली, "मंदिरातच चला, महाप्रसाद आहे." दुसरी म्हणाली, "कचोरी खाल्ल्याबिगर शेगाव होते का व?" तिसरीनं पिशवीतून फडकं काढलं. भाकर, ठेचा, कांदा, सगळं घरून बांधून आणलेलं. अठरा जणींत नऊ जणींनी आयुष्यात कधी हॉटेलात बसून जेवण केलं नव्हतं. नवऱ्यानं पुडा घरी आणला तर खाल्लेलं, पण खुर्चीवर बसून "अमुक आणा" असं स्वतः कधी सांगितलेलं नाही.

शेवटी आम्ही एका हॉटेलात शिरलो. सगळ्या बसल्या, पण आमच्या गटातल्या आजी दाराबाहेरच उभ्या. वय बहात्तर. गट सुरू झाला तेव्हापासूनच्या त्या सभासद. आम्ही हाका मारल्या, तर म्हणाल्या, "मी इथंच बरी आहो माय. मले भूक नाही." आम्हाला वाटलं, पैशाचा संकोच असेल. त्यांच्या वाट्याचे पैसे गटातून देऊ म्हटलं, तरी आत आल्या नाहीत. बाहेर दगडावर बसून त्यांनी फडक्यातली भाकर खाल्ली.

त्या का आल्या नाहीत, ते पुढच्या बैठकीत कळलं. ते सांगण्याआधी थोडं मागे जाऊ या. आपल्या वऱ्हाडात माणूस घराबाहेर जेवायला लागला तो केव्हापासून, आणि त्या पंगतीत कोणाला जागा होती, हे बघू.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात प्रवास म्हणजे शिदोरी. बैलगाडी नदीकाठी सोडायची, झाडाखाली फडकं उघडायचं. दुसऱ्याच्या हातचं विकत घेऊन खाणं हे कमीपणाचं समजत, आणि त्यामागं मुख्य गोष्ट होती जात. कोणी कोणाच्या हातचं खायचं, कोणाच्या विहिरीचं पाणी प्यायचं, हे ठरलेलं होतं. गावात अन्न मिळायचं ते लग्नाच्या, तेरवीच्या, भंडाऱ्याच्या पंगतीत. तिथंही कोण आधी बसणार, कोण शेवटी बसणार आणि कोणाला नुसतं उष्टं मिळणार, हे ठरलेलंच.

शेगावची गोष्टच बघा ना. २३ फेब्रुवारी १८७८ या दिवशी गजानन महाराज पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडले. देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ उठली होती. उष्ट्या पत्रावळी बाहेर फेकलेल्या, आणि महाराज त्या पत्रावळींवरची शितं वेचून खात होते. बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांनी ते पाहिलं. ही कथा पारायणात आपण कितीदा ऐकतो. पण आमच्या बैठकीत एका पोरीनं वेगळंच बोट ठेवलं. ती म्हणाली, "म्हणजे शेगावची सुरुवातच घराबाहेरच्या जेवणानं झाली. आत पंगत, अन् बाहेर उपाशी माणूस." आम्ही सगळ्या गप्प झालो. आज त्याच गावात हजारो लोकांना महाप्रसाद मिळतो, कोणी कोणाचं नावगाव विचारत नाही. महाराजांचं नाव घेतलं की झुणका-भाकर आठवते, आंबाडीची भाजी आठवते. ताट गरिबाचं, पण सगळ्यांनी बसून खाण्याचं.

आता रेल्वेकडे येऊ. मुंबईहून निघालेले रूळ भुसावळ, शेगाव, अकोला, बडनेरा असे करत १८६७ मध्ये नागपूरला पोचले. इंग्रजांना हवा होता वऱ्हाडचा कापूस. कापसाबरोबर माणसंही गाडीत बसली, आणि एका बाकावर सगळ्या जातींची माणसं आली. भाडं भरलं की डबा सगळ्यांचा. पण स्टेशनावर उतरलं की जुनं जग परत सुरू व्हायचं. "हिंदू पाणी", "मुसलमान पाणी" अशा आरोळ्या फलाटावर असायच्या. चहासुद्धा वेगवेगळा. ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांना वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घ्यावं लागे. गाडीनं माणसं जवळ आणली खरी, पण पेला काही एक झाला नाही.

त्याच रेल्वेनं शेगावला आणखी एक गोष्ट दिली, कचोरी. १९४७ ला फाळणी झाली आणि लाखो माणसं घरदार सोडून इकडं आली. त्यात पंजाबातून आलेले तीरथराम करमचंद शर्मा शेगावला पोचले. १९५० च्या आसपास त्यांनी शेगावच्या स्टेशनावर कचोरी विकायला सुरुवात केली. डाळीचं तिखट सारण, वरून खुसखुशीत पारी, आणि सोबत चटणीऐवजी तळलेली हिरवी मिरची. स्वस्त, पोट भरणारी, हातात धरून खाता येणारी, लवकर न बिघडणारी. गाडी थांबते तेवढ्या मिनिटांत विकायला याहून चांगला पदार्थ कोणता? प्रवाशांनी तिचं नाव मुंबईपासून नागपूरपर्यंत नेलं. आज गावोगावच्या पाट्यांवर "शेगाव कचोरी" लिहिलेलं दिसतं. मैत्रिणींनो, यात आपल्यासाठी शिकण्यासारखं आहे. घर गमावलेल्या माणसानं परक्या मुलखात एकच पदार्थ धरला, तो रोज तसाच केला, आणि त्याच्या जोरावर पुढच्या पिढ्या उभ्या राहिल्या. वीस पदार्थांचा फलक लावण्यापेक्षा एक पदार्थ पक्का करणं कधीही बरं.

याच काळात देशात दुसरी मोठी गोष्ट घडत होती. १९२७ च्या मार्च महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी आपल्या अमरावतीत अंबादेवीच्या मंदिर प्रवेशासाठी चळवळ झाली, आणि त्यात डॉ. पंजाबराव देशमुख पुढे होते. पाणी, देऊळ आणि जेवण, तिन्हींची दारं एकाच कुलपात होती. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. त्याच्या पंधराव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत कोणाला अडवता येणार नाही. ते लिहिताना लिंग हा शब्दही सोडला नाही, हे लक्षात घ्या. म्हणजे बाईलाही अडवता येणार नाही. सतराव्या कलमानं अस्पृश्यता बंद केली. १९५५ मध्ये त्यासाठी शिक्षेचा कायदा आला, आणि १९७६ मध्ये तो आणखी कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला.

आता आजींकडे परत येऊ. बैठकीत आम्ही हा कायदा वाचून दाखवला. आजी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कायदा तं झाला होता. पण मी आठ-दहा वर्षांची असन. बाजारच्या दिवशी बापासंगं गेली होती. चहाच्या दुकानाच्या भिंतीले खिळा होता, त्याले कानतुटका कप टांगलेला. तो आमचा. बापानं तो काढला, धुतला, पुढं धरला. दुकानदारानं वरून चहा ओतला. पेऊन झाल्यावर बापानं तो परत धुऊन खिळ्याले टांगला. पैसे तं तेवढेच घेतले. तवापासून हॉटेलाचं दार पाह्यलं की मले तो खिळा दिसते."

म्हणजे ही गोष्ट साधारण १९६० च्या सुमाराची. कायद्याला पाच वर्षं होऊन गेली होती. कागदावरचं दार उघडलं होतं, पण भिंतीवरचा खिळा तिथंच होता. आणि आज साठ वर्षांनंतरही आजींचे पाय उंबऱ्यापाशी थांबले. आम्ही मात्र त्यांना म्हणत होतो, "पैशाचा संकोच नका करू." कितीशी ओळखत होतो आम्ही आमच्या सभासदाला?

इथं आपल्याच मातीतल्या गाडगेबाबांची आठवण काढलीच पाहिजे. जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला त्यांनी घाट बांधला, अन्नदान केलं. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. गरीब यात्रेकरूला डोकं टेकायला आणि चूल मांडायला जागा हवी, हे त्यांनी ओळखलं होतं. देवळाच्या आत काय आहे यापेक्षा देवळाबाहेर माणसाचे काय हाल होतात, तिकडे त्यांचं लक्ष. पंगत बसली की जातीवरून वेगळी पंगत नाही, हा त्यांचा दंडक. स्वतः मात्र फुटक्या गाडग्यात मिळेल ते खायचे. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ ते गेले. आज आपण सहलीला जातो तेव्हा स्वस्तात राहायची, जेवायची सोय शोधतो. ती सोय म्हणजे अशा माणसांची कमाई आहे.

आणि जत्रा! वऱ्हाडात बाहेर जेवणाची खरी हौस जत्रेत पुरवली गेली. चांदूर बाजार तालुक्यातली बहिरमची जत्रा तुम्हाला माहीत आहे. डिसेंबरच्या विसाव्या तारखेपासून सुरू होते आणि जानेवारीभर चालते. तिथं गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात, वांग्याची भाजी, वरण, आणि खाणाऱ्यांसाठी मातीच्या हंडीतलं मटण. उघड्या रानात शेकडो चुली पेटतात. पण आमच्यातल्या वयस्क बाया सांगतात, पूर्वी जत्रेतली ही चूल पुरुषांची. गडी माणसं हंडी करणार, खाणार, रात्री तमाशा पाहणार. बायकांनी नवस फेडायचा, लेकरं सांभाळायची आणि घरी परत यायचं. घरात वर्षभर बाई चुलीशी, आणि जत्रेत जिथं कौतुक आणि कमाई आहे तिथं गडी. हे उलटं गणित आमच्या बैठकीत सगळ्यांनाच खटकलं.

हे गणित बदलायला सुरुवात झाली ती शहरात. मुंबईच्या गिरणगावात हजारो गिरणी कामगार बायको-मुलं गावी ठेवून एकटे राहत. त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळी चालवायच्या बायकाच. पण धान्य उधारीवर, सावकाराचं व्याज डोक्यावर, आणि कामगाराचा पगार झाला तरच पैसे. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यानंतर प्रेमाताई पुरव यांनी या खाणावळवाल्या बायकांना एकत्र केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्याचं पुढं लिज्जत झालं. १९७५ मध्येच महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे आपलं माविम स्थापन झालं. १९९२ पासून नाबार्डनं बचत गटांना बँकेशी जोडलं, आणि २०११ मध्ये उमेद आलं. आपल्या हातात आज जे गटाचं पासबुक आहे, त्याची मुळं अशी दूरवर आणि बऱ्याचदा एखाद्या खाणावळीच्या चुलीपाशी जाऊन पोचतात.

सरकारनंही बाहेरच्या ताटात हात घातला. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर ही योजना आली. स्टँडापाशी, कचेरीपाशी केंद्रं उघडली. पुढं सरकार बदललं, अनुदान थांबलं आणि केंद्रं बंद पडत गेली. मग २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. सरकारनं एका थाळीचा खर्च शहरात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला होता, आणि वरचे पैसे केंद्र चालवणाऱ्याला अनुदान म्हणून द्यायचे ठरले. ही केंद्रं बचत गटांनाही चालवायला मिळाली. यातून धडा असा की अनुदानावरचं ताट अनुदान असेपर्यंतच. उपाशी माणसासाठी ते असलंच पाहिजे, पण आपण धंदा करणार असू तर हिशोब अनुदान सोडून मांडायचा.

गेटाबाहेरच्या धंद्याची आणखी एक बाजू शेगावनंच दाखवली. आनंद सागर सुरू झालं तसा बाहेर रसवंती, भजे, कचोरी, खेळणी, टोप्या असा सगळा बाजार भरला. मग मधली काही वर्षं ते लोकांसाठी बंद राहिलं आणि पुढं त्याचा काही भाग परत उघडला. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे देवळं बंद झाली, ती राज्यात उघडली थेट १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी. आतल्या गेटाला कुलूप लागलं की बाहेरच्या चुलीवर पाणी पडतं. एकाच गेटाच्या भरवशावर राहिलं की असं होतं. आपल्याकडे पण बघा, अकोला-खंडवा मीटरगेज धावायची तेव्हा हिवरखेड स्टेशनावर उतरणारा माणूस चहा-भजे खायचा. ती गाडी थांबली आणि ते गिऱ्हाईकही थांबलं.

आता आमची स्वतःची गोष्ट. यात आमची चूक आहे, ती लपवणार नाही.

सहलीच्या आधीच्या वर्षी आम्ही हनुमान जयंतीला वारी भैरवगडला झुणका-भाकरीचं दुकान लावलं होतं. वाण नदीवरच्या हनुमान सागर धरणाजवळचं ते ठिकाण, त्या दिवशी गर्दी खूप. आम्ही पाच जणी होतो. २० किलो ज्वारीचं पीठ, ८ किलो बेसन, कांदे, मिरची, तेल, सरपण, गाडीभाडं, पत्रावळी मिळून खर्च ३,४०० रुपये. ताट ४० रुपयांचं, दोन भाकरी, झुणका, ठेचा, कांदा. ९६ ताटं गेली. ३,८४० रुपये जमले. उरले ४४०, म्हणजे प्रत्येकीला ८८ रुपये. पहाटे चारला उठून रात्री आठपर्यंत राबल्याचे ८८ रुपये! निंदणाला गेलो असतो तर जास्त मिळाले असते. चूक काय झाली, तर ताटाच्या भावात आम्ही पीठ धरलं, तेल धरलं, सरपणही धरलं, पण स्वतःची मजुरी धरलीच नाही. घरात कधी धरली नव्हती, म्हणून दुकानातही धरायचं सुचलं नाही.

पण त्याहून मोठी चूक दुसरी. त्या पाच जणींत आजी होत्या. त्यांच्यासारखी भाकर गटात कोणाच्या हातून होत नाही, पातळ, गोल, टम्म फुगलेली. तरीही आम्ही त्यांना तव्यापाशी बसवलं नाही. कोणीतरी हळूच म्हणालं, "गिऱ्हाईकानं विचारलं तर?" आणि आम्ही बाकीच्यांनी मान डोलावली. आजींना मागे कांदे चिरायला बसवलं. त्या दिवशी कोणत्याच गिऱ्हाइकानं कोणाला काही विचारलं नाही. भिंतीला खिळा ठोकणारं बाहेरचं कोणी नव्हतं. तो आम्हीच ठोकला होता.

खिळ्याची गोष्ट ऐकली तेव्हा हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग "गिऱ्हाईकानं विचारलं तर" म्हणणारी बाईच उठली. म्हणाली, "ते मी म्हटलं होतं. आजी, माफ कर." आजी एवढंच बोलल्या, "कांदे चिरताना डोळ्याले पाणी येतेच, त्याले कोणी काही पुसत नाही." त्या बैठकीच्या वहीत आम्ही दोन ठराव लिहिले. पहिला, कुठंही दुकान लावलं तर ज्याचं काम उत्तम त्यानं ते करायचं, जात पाहायची नाही. दुसरा, ताटाचा भाव ठरवताना प्रत्येकीची मजुरी आधी धरायची.

पुढच्या वर्षी वारीला तव्यापाशी आजी बसल्या. ताट ६० रुपये केलं. आम्हाला धाकधूक होती, पण भाकर तव्यावरून थेट पत्रावळीत पडताना दिसली की लोक थांबायचे. एक ड्रायव्हर दुसऱ्यांदा आला आणि म्हणाला, "मावशीच्याच हातची द्या." या वेळी खर्च आणि मजुरी दोन्ही निघाली. श्रीमंत झालो नाही, पण निंदणाच्या रोजापेक्षा कमी पडलं नाही.

आता कामाचं बोलू. तुमचा गट शेगावला निघाला तर जेवणाचं असं करा. सकाळी लवकर पोचलात तर आधी दर्शन, मग मंदिरातला महाप्रसाद. रांग असते, पण शिस्त अशी की ताटकळल्यासारखं वाटत नाही, आणि स्वच्छता बघण्यासारखी. तिथलं अन्न टाकू नका, हवं तेवढंच घ्या. कचोरी खायची तर जिथं कढई पेटलेली आहे आणि घाणे भराभर संपत आहेत तिथं खा. स्टेशनाकडचा भाग कचोरीचं मूळ घर, ते बघून या. घरी न्यायला घेतली तर गरम कचोरी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, घाम सुटून मऊ पडते. कागदात घ्या. गेटाबाहेरच्या गाड्यांवर खाताना तीन गोष्टी बघा. पिण्याचं पाणी झाकलेलं आहे का, तेल काळं पडलं आहे का, आणि कापलेली फळं उघडी आहेत का. भाव आधी विचारा, त्यात लाज नाही. कुठं बाया-माणसं मिळून झुणका-भाकर करत असतील, तर तिथं आवर्जून बसा. तो पैसा आपल्यासारख्याच घरात जातो.

आणि ज्या गटांना असं दुकान लावायचं आहे त्यांच्यासाठी. खाद्यपदार्थ विकायचे तर लहान दुकानालाही अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. २००६ च्या कायद्यातली ही अट आहे, ती करून घ्या. शहरात रस्त्यावर बसायचं असेल तर २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यातल्या समितीत विक्रेत्यांच्या जागांपैकी एक तृतीयांश बायकांसाठी आहेत, त्या भरल्या जातात का ते विचारा. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गावोगावचे गट आपल्या जिल्ह्याचं जेवण विकतात, तिथं जाऊन आलेल्या गटाकडून हिशोब समजून घ्या. एक पदार्थ पक्का करा. मजुरी धरा. आणि तव्यापाशी कोण बसणार हे फक्त हात बघून ठरवा.

आमची पुढची शेगाव सहल श्रावणानंतर आहे. यादी लिहायला बसलो तेव्हा आजींनी विचारलं, "ह्या वेळी त्या हॉटेलात जाणार का?" आम्ही म्हटलं, तुम्ही म्हणाल तिथं जाऊ. थोडा विचार करून म्हणाल्या, "जाऊ. मी मधल्या खुर्चीवर बसतो. अन् त्या पोऱ्याले सांगजा, कपबशी चांगली आण म्हणा. कानतुटकी नको."

वहीत तेही लिहून ठेवलं आहे.